छापील चित्रे : पाहणे आणि पारखणे

जुन्या वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या शाळेच्या कचेरीत काचेच्या चौकटीत बसवलेली लक्ष्मी अथवा सरस्वती ज्याने पाहिली नाही, असा श्रोता महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि बाजूस सोंडेत माळ धरलेला हत्ती. खडकावर बसून वीणा वाजविणारी सरस्वती आणि तिच्याजवळचा मोर. ही चित्रे इतकी परिचयाची झाली आहेत की, डोळ्यांसमोर असूनही ती पाहिली जात नाहीत. भिंतीस रंग देण्याची वेळ आली म्हणजे चौकट खाली उतरते. काच तडकलेली असते, कागद पिवळा पडलेला असतो, बाजारात नवे टवटवीत चित्र सहज मिळते. मग जुने चित्र पिंपळाच्या पारावर ठेवले जाते किंवा नदीत सोडले जाते. भावनेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. परंतु त्या कागदाबरोबर नेमके काय वाहून गेले, याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो.

‘छापील चित्र म्हणजे नक्कल, मूळ चित्राला मोल, छापील चित्राला कसले?’ असा एक सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. कित्येक छापील चित्रे ही स्वतंत्र कारागिरीची फळे असतात. ती कशी घडली याचा पुरावा त्यांच्याच अंगावर असतो आणि तो वाचण्यास एक साधे भिंग व थोडा धीर एवढेच साहित्य पुरते. घड्याळजी किंवा सराफ वापरतो तसे, वस्तू दहापट मोठी दाखविणारे भिंग या कामी उत्तम. तेही नसेल, तर हल्लीच्या भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याने चित्राचा लहानसा भाग मोठा करून पाहता येतो.

छपाईचे तीन मार्ग

चित्र छापण्याच्या जुन्या पद्धती मुख्यतः तीन. पहिली उठावाची. लाकडी ठशावर जे छापावयाचे ते उंच ठेवून बाकीचा भाग कोरून काढतात. उंच भागास शाई लावून कागदावर दाबतात. पुस्तकांसाठी वापरले जाणारे शिशाचे खिळे हे याच तत्त्वाचे. अशा छापाच्या रेषेकडे भिंगातून पाहिले असता शाई कडेला सरकून तेथे किंचित गडद किनार झालेली दिसते आणि कागदाच्या पाठीवर पुष्कळदा दाब उमटलेला लागतो.

दुसरी पद्धत याच्या उलट. तांब्याच्या पत्र्यावर रेषा खोदतात, खोदलेल्या चरांत शाई भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून काढतात आणि ओलसर कागद मोठ्या दाबाखाली पत्र्यावर दाबतात. कागद चरातील शाई उचलून घेतो. म्हणून रेषा कागदावर किंचित उंच लागते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेची चौकोनी खूण उमटते. ताम्रपटावरून छापण्याची ही विद्या महाराष्ट्रास नवी नाही. मिरज येथे 1805 मध्ये भगवद्गीता ताम्रपटांवरून छापली गेली होती. चरातील शाईचा हा उंचवटा कसा लागतो, हे समजण्यासाठी संग्रहालयात जावयासही नको. शंभर रुपयांच्या किंवा त्याहून मोठ्या नोटेवरील महात्मा गांधींच्या चित्रावरून बोट फिरविले की तो जाणवतो.

तिसरी पद्धत सपाट पृष्ठभागाची. हिच्यात उंचही काही नाही आणि खोलही काही नाही. ही पद्धत म्हणजे शिळाछाप, आणि महाराष्ट्रातील जुन्या भिंतींवरच्या देवदेवतांचा संबंध मुख्यतः हिच्याशीच आहे.

दगड, तेल आणि पाणी

शिळाछापाचा शोध जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर याने लावला. तो नाटककार होता आणि आपली नाटके स्वस्तात छापून काढण्याची सोय शोधीत होता. धोब्याकडे द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहून घेण्यास जवळ कागद नव्हता, म्हणून 1796 मध्ये त्याने ती तेलकट शाईने एका घोटलेल्या दगडावर लिहिली, अशी हकिगत त्यानेच सांगून ठेवली आहे. त्यातून प्रयोग करीत 1798 च्या सुमारास तो खऱ्या शिळाछापापर्यंत पोचला.

या पद्धतीचे तत्त्व घरातल्या सहाणेवरही पाहता येते. सहाणेवर तेलाचे बोट उमटले आणि वर पाणी शिंपडले, तर तेलाच्या जागी पाणी ठरत नाही. तेल आणि पाणी यांचे हे वैर हाच शिळाछापाचा पाया. बव्हेरियातील सोलनहोफेन येथील अत्यंत बारीक कणांचा चुनखडीचा दगड या कामासाठी जगभर नावाजला गेला. एका दगडावर दुसरा दगड ठेवून, मध्ये वाळू व पाणी घालून ते घासीत. त्यामुळे पृष्ठभाग सपाट होई आणि त्यावर हवा तसा बारीक रवा उठे. मग तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने त्यावर चित्र काढीत. डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल मिसळून ते वरून लावले की, चित्राची जागा तेलाची भुकेली राही आणि कोरी जागा पाण्याची. दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरविला म्हणजे शाई फक्त चित्राच्या जागी बसे. कागद दाबला की चित्र उतरे. ते उलटे उतरत असल्याने दगडावर सारे काही, अक्षरेसुद्धा, उलटे काढावे लागे.

महाराष्ट्रात ही विद्या लवकर रुजली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेस उभारून 1831 मध्ये मराठी पंचांग छापले. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी 1878 मध्ये चित्रशाळा स्थापन केली. तिची रामपंचायतनासारखी चित्रे घरोघरी गेली. पेशवाईतील पुरुषांची चित्रेही चित्रशाळेने छापली. परकीय राज्य असताना आपल्या इतिहासातील पुरुष भिंतीवर लावता येणे यालाही एक अर्थ होता.

मुंबईहून मळवलीस

चित्रशाळेनंतर सोळा वर्षांनी, 1894 मध्ये, राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. किळिमानूर येथे 1848 मध्ये जन्मलेले रविवर्मा तोपर्यंत तैलचित्रकार म्हणून देशभर प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या एका चित्रासाठी राजेरजवाडे वाट पाहात. परंतु एक तैलचित्र एकाच दिवाणखान्यात राहते. मागणी अनेकांची आणि हात दोनच, या अडचणीवर चित्रे छापून घेण्याचा उपाय सर टी. माधवराव यांनी त्यांना 1884 मध्येच सुचविला होता. चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत, अशी ती सूचना होती. रविवर्मांनी पुढे छापखानाच येथे उभारला. यंत्रे जर्मनीची आणली व तंत्रज्ञही जर्मनीचेच. छापखान्याचे पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’ हे होते. बालिकेला घेऊन उभी असलेली मेनका आणि हात वर करून तोंड फिरविणारा विश्वामित्र, असा त्यातील प्रसंग.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. शहरातील कामकाज विस्कळीत झाले आणि 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या लेण्यांपासून जवळच असलेल्या मळवली येथे हलविण्यात आला. व्यवहारात मात्र छापखाना रविवर्मांस फळला नाही. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत तो त्यांचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्या मालकीचा झाला. 1906 मध्ये रविवर्मा निवर्तले, तरी त्यांच्या चित्रांची छपाई पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी छायाचित्रणाच्या साह्याने करावयाच्या छपाईचे काम केले होते. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या या कलावंताची उमेदवारी अशी शाई आणि दगड यांच्या सहवासात झाली.

ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही झोपडीत या छापील कागदाने देवाचे दर्शन नेऊन पोचविले. पौराणिक स्त्रियांस रविवर्मांनी पुष्कळदा नऊवारी लुगडे नेसविले, त्यामुळे मराठी माणसास त्या आपल्याच घरातल्या वाटल्या. या चित्रांवर पुढे टीकाही झाली. युरोपीय धर्तीच्या हुबेहूबपणात भारतीय चित्रकलेचा आत्मा हरवला, असे काहींचे म्हणणे होते. मतभेद राहोत, परंतु देवदेवता कशा दिसतात याची सर्वसामान्यांच्या मनातील कल्पना या चित्रांनी घडविली, हे टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत जळाला. ज्या कारखान्यातून ही चित्रे बाहेर पडली तो असा गेल्यावर तेथील कारागिरीचा सर्वांत मोठा पुरावा उरला तो घराघरांत विखुरलेल्या चित्रांतच. म्हणूनच ओसरीवरची ती जुनी चौकट एक दस्तऐवज ठरते.

एका चित्रास अनेक दगड

रंगीत शिळाछापात एका रंगास एक दगड लागे. चांगल्या चित्रास दहा-बारापासून वीसपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक दगड वापरले जात. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर प्रथम बाह्यरेषांचा मुख्य दगड तयार करी. त्याच्या छापावर कोरडी रंगीत पूड टाकून त्या रेषा प्रत्येक दगडावर फिकट उतरवून घेत, म्हणजे सर्व दगडांवरील आकृती एकमेकींशी जुळत. त्यानंतरचे काम खऱ्या कसोटीचे. लक्ष्मीच्या गालावर पिवळा किती, गुलाबी किती, छायेचा निळसर करडा कोठे सुरू होतो आणि कोठे विरतो, याचे पृथक्करण कारागीर मनातल्या मनात करी. आज हे काम यंत्र करते; तेव्हा ते माणसाचा डोळा करीत असे. मग प्रत्येक दगडावर त्या त्या रंगापुरते ठिपके तो लेखणीने देई. गडद जागी ठिपके दाट, उजळ जागी विरळ.

हे सर्व काम उलटे आणि काळ्या शाईत. दगडावर गुलाबी दिसत नाही, निळा दिसत नाही. दिसतात ते फक्त काळे ठिपके. रंग जुळला की नाही हे शेवटच्या दगडाचा छाप पडेपर्यंत पुरते कळत नसे. सामान्यतः फिकट रंग आधी व गडद रंग मागाहून, अशा क्रमाने तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून जाई. दर वेळी तो नेमक्या त्याच जागी बसावा म्हणून कडेला लहान फुल्यांसारख्या खुणा केलेल्या असत. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. एवढ्यानेही ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जाण्याची भीती! शेवटी चित्रावर रोगण चढवीत. काही चित्रांवर कापडाच्या विणीसारखा पोत दाबून उठवीत, म्हणजे ते तैलचित्रासारखे दिसे. अशा चित्रांस ओलिओग्राफ म्हणतात.

चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, छापखान्याचेही असते. दगडावर ठिपके देणाऱ्या हातांचे नाव बहुधा नसते. ते हात ओळखण्याची एकच जागा म्हणजे ते ठिपके.

भिंग काय दाखविते?

चित्र उजेडात आणावे, परंतु कडक उन्हात नव्हे. भिंग प्रथम चेहऱ्यावर, गालाच्या कडेस धरावे. शिळाछाप असेल तर लहानमोठे, हाताने दिलेले, अनियमित ठिपके दिसतील. त्यांत गुलाबी, पिवळे, तपकिरी असे अनेक स्वतंत्र रंग असतील. क्वचित खडूचा रवाळ पोतही दिसेल. मग लुगड्याच्या काठावर पाहावे. रंग रेषेबाहेर केसभर सरकला असेल, तर कागद एका खेपेस किंचित हलला होता असे समजावे.

आता शेजारी हल्लीची दिनदर्शिका ठेवावी. तिच्यावरील लक्ष्मीच्या गालावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच रंगांचे ठिपके दिसतील, तेही जाळीसारखे आखीव रांगेत, आणि काही ठिकाणी त्यांची लहान लहान फुले झालेली. ही ऑफसेट छपाई. छायाचित्रावरून यंत्राने केलेल्या पृथक्करणाची ती खूण होय. संगणकास जोडलेल्या शाईफवारणी यंत्रावर काढलेले चित्र असेल, तर रांगा नसतात. अतिसूक्ष्म तुषार विखुरल्यासारखे दिसतात.

हे ज्ञान व्यवहारातही उपयोगी पडते. जुन्या चित्रांस किंमत येऊ लागल्यापासून नवी छपाई जुन्या चौकटीत घालून जुनी म्हणून विकणे अवघड राहिलेले नाही. चौकट जुनी असली म्हणजे चित्र जुने होत नाही. कागद पिवळा करता येतो, डाग पाडता येतात. परंतु आखीव जाळीचे हाताचे ठिपके करता येत नाहीत. एक सावधगिरी मात्र राखावी. जाळीचे ठिपके दिसले की चित्र अगदी अलीकडचेच, असा निष्कर्ष काढू नये. जाळीच्या ब्लॉकांची छपाई विसाव्या शतकाच्या आरंभापासून मासिकांतून होत आली आहे. भिंग पद्धत सांगते. काळ ठरविण्यासाठी कागद, चित्राखालील मजकूर आणि घरातील माहिती या तिन्हींचा आधार घ्यावा लागतो. रविवर्मांच्या काही चित्रांखाली मुंबई, तर नंतरच्या चित्रांखाली कार्ले-लोणावळे हे ठिकाण छापलेले आढळते. चौकटीत बसविण्यासाठी कडा कापताना हाच मजकूर पुष्कळदा कापला गेलेला असतो, ही दुर्दैवाची गोष्ट.

एकाच चित्राचे दोन छाप शेजारी ठेवता आले, तर आणखी गंमत कळते. एकात चेहऱ्यावरची छाया मऊ, तर दुसऱ्यात राकट. पुन्हा पुन्हा छापताना रंग कमी केले गेले असतील, किंवा चित्र दुसऱ्या हाताने नव्याने दगडावर उतरविले गेले असेल. काही चित्रांवर घरच्या स्त्रियांनी जर, टिकल्या आणि मणी शिवलेले असतात. अशा वेळी ते चित्र हजारांतील एक न राहता जगात एकुलते एक होते.

शाळा, पंचायत आणि जुनी चौकट

या चित्रांचे रक्षण ही केवळ संग्रहालयांची जबाबदारी नव्हे. ती त्यांच्या आवाक्यातलीही नाही. चित्रे आहेत गावागावांत, आणि ती उतरविण्याचा निर्णयही तेथेच होतो. शाळेचे, चावडीचे किंवा देवळाचे नूतनीकरण निघाले की, चौकटी उतरविण्यापूर्वी प्रत्येक चित्राचे छायाचित्र घ्यावे. चित्र कोठे होते, कोणी दिले, केव्हापासून आहे, हे गावातील वडीलधाऱ्यांस विचारून नोंदवावे. खालचा मजकूर आहे तसा उतरवून घ्यावा. चौकटीची पाठ फाडू नये. चौकट करणाऱ्याची चिठ्ठी तेथे चिकटविलेली असू शकते. एका वहीत एवढी नोंद झाली, तरी गावाच्या इतिहासाचे एक पान वाचते. पूजेतील चित्रांच्या बाबतीत घरच्या माणसांच्या भावनेचा मान राखूनच जे करावयाचे ते करावे.

चित्र टिकविण्यास फार खर्च येत नाही. ते थेट उन्हाच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते. काच चित्रास चिकटू नये, म्हणून कडेने जाड कागदाची पट्टी द्यावी. पाठीमागची लाकडी फळी कागदास तपकिरी करते. ती काढता आली तर उत्तम. चित्र ओल्या फडक्याने पुसू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, आणि प्लास्टिकचे आवरण चढविणे, म्हणजे लॅमिनेशन, तर मुळीच करू नये. कचेऱ्यांतून हा उपाय मोठ्या हौसेने केला जातो. परंतु एकदा चढविलेले हे आवरण चित्रास इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते.

शिक्षकांना यात एक उत्तम पाठ सापडेल. नोट, दिनदर्शिका आणि एखादे जुने चित्र अशा तीन वस्तू टेबलावर ठेवाव्यात आणि मुलांच्या हाती भिंग द्यावे. कोणती कशी छापली, हे सांगू नये; जे दिसेल ते त्यांनाच वहीत काढू द्यावे. तेल आणि पाणी यांचे विज्ञान, प्लेगचा आणि छापखान्याचा इतिहास, मळवलीचा भूगोल आणि रंगांची चित्रकला हे चारही विषय त्या एका तासात हातात हात घालून येतात. कोणत्या तरी मुलाला लक्ष्मीच्या गालावर गुलाबी ठिपक्यांच्या शेजारी निळा ठिपका सापडेल, आणि गोऱ्या गालावर निळा कशासाठी, असे ते विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या कारागिराला ठाऊक होते, त्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही. त्याचा ठिपका मात्र शंभर वर्षांनंतरही जागेवर आहे, आणि चौकट भिंतीवर राहिली तर यापुढेही तो तेथेच असेल.